नाकावरचा मोती

सातारा जिल्ह्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

त्यांचे वडील ७१ वर्षांचे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. चार वर्षांपासून त्यांच्या उजव्या नाकपुडीवर एक काळसर फोड आहे. दाढी करताना खपली निघते, रक्त येतं, पुन्हा खपली धरते. दुखत काहीच नाही, म्हणून मलमांवर दिवस गेले. या दिवाळीनंतर ताईंनी हट्टाने पुण्याला नेलं. तुकडा तपासला, रिपोर्ट आला ‘बेसल सेल कार्सिनोमा’, म्हणजे कातडीचा कॅन्सर. डाग १२ मिलिमीटरचा. प्लास्टिक सर्जन म्हणाले, डाग काढायचा आणि कपाळाची कातडी नाकावर फिरवायची. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन ऑपरेशनं होतील.

घरात यावरून दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, “अण्णांना आता काय बोहल्यावर चढायचंय? साधं कापून दोन टाके घाला म्हणावं. प्लास्टिक सर्जरी हे नटनट्यांचे चोचले.” आत्या म्हणते, चाकू लागला की कॅन्सर चवताळतो. वैशाखात पुतणीचं लग्न आहे. आणि अण्णांना सगळ्यांनी मिळून ‘चामखीळ आहे’ असं सांगितलंय. ताई विचारतात: “या वयात त्यांना प्लास्टिक सर्जरीत घालावं का? आणि त्यांना कॅन्सर न सांगता हे निभावता येईल का?”

ताई,

आधी एक सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सर्जिकल वॉर्डात आणि ओ.टी.मध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सिस्टर होते. अण्णांचं नाक मी पाहिलेलं नाही, त्यामुळे कुठलं ऑपरेशन बरोबर हे मी ठरवू शकत नाही. पण तुमच्या घरात जे चाललंय ते मी वॉर्डाच्या दारात शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी ऐकीव असतात.

आत्यांपासून सुरुवात करू. चाकूने कॅन्सर चवताळत नाही. हा समज आला कुठून तेही सांगते. पूर्वी लोक इतक्या उशिरा यायचे की पोट उघडलं तर सगळीकडे पसरलेलं दिसायचं. डॉक्टर तसंच शिवून टाकायचे, माणूस दोन महिन्यांत जायचा आणि नाव चाकूचं व्हायचं. अण्णांचा प्रकार तर फारच वेगळा. बेसल सेल कार्सिनोमा फुप्फुसात, यकृतात जाऊन बसल्याचं अगदी क्वचित घडतं. तो जागेवरच राहतो. पण राहतो म्हणजे गप्प बसतो असं नाही. इंग्रजीत त्याचं जुनं नाव ‘रोडंट अल्सर’, म्हणजे उंदरासारखं कुरतडणारा व्रण. तो हळूहळू कातडी खातो, मग कूर्चा म्हणजे नाकातलं लवचिक मऊ हाड, मग खरं हाड. माझ्या वॉर्डात एक आजी आल्या होत्या. अकरा वर्षं त्या पदराने नाक झाकून फिरल्या होत्या. पदर बाजूला केला तेव्हा डावी नाकपुडी नव्हतीच, आणि व्रण डोळ्याच्या कोपऱ्याला लागला होता. दुखत नव्हतं हो, असं त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या.

न दुखणं हीच या आजाराची लबाडी. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळा दिसतो, म्हणून तीळ किंवा मस समजून सोडून दिला जातो. उजेडात तिरका बघितला तर कड मोत्यासारखी चमकते. अण्णांच्या डागाची कड एकदा बघा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा मोती. आणि उजवीच बाजू का, याचं एक कारण मला सुचतं: तीस-पस्तीस वर्षं ड्रायव्हरच्या सीटवर उजव्या खिडकीतून ऊन घेतलंय त्यांनी. एका माणसाच्या बाबतीत असं नक्की म्हणता येत नाही, पण उन्हाचा या कॅन्सरशी संबंध पक्का आहे.

आता तुमच्या भावाचं ‘दोन टाके’. त्याचा हिशेब चुकीचा नाही, अर्धवट आहे. डाग १२ मिलिमीटरचा म्हणजे खड्डा १२ मिलिमीटरचा होणार नाही. दिसतं त्यापलीकडेही मुळं गेलेली असतात, म्हणून चहूबाजूंनी चांगली कातडीही काढतात. लहान, स्पष्ट कडेच्या डागाला साधारण ४ मिलिमीटर धरतात. नाकासारख्या जोखमीच्या जागी किंवा कड नीट दिसत नसेल तर जास्त. म्हणजे कमीत कमी २० मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याएवढं भोक. हेच गालावर असतं तर दोन बाजू ओढून शिवता आल्या असत्या, गालाला सैल कातडी असते. स्वतःच्या नाकपुडीची कातडी चिमटीत धरून बघा. येते का हातात? ती खालच्या कूर्चेला चिकटलेली असते. तिथे ओढून टाके घातले की नाकपुडी वर खेचली जाते आणि श्वासाचं भोक आवळतं. मग श्वास अडतो. दिसणं राहू दे बाजूला, रात्री झोप लागणार नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्याला भोक बुजवता येत नाही, त्याचा हात कापताना आखडतो. ‘एवढं काढलं तर शिवू कसं’ ही धास्ती डोक्यात असली की कडेला दोन मिलिमीटर मागे राहतात. मग रिपोर्ट येतो, ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे कडेला कॅन्सर शिल्लक. मी असे रिपोर्ट हातात घेऊन परत आलेले लोक पाहिलेत, आणि दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा नेहमीच अवघड असतं. नाक पुन्हा घडवता येणारा माणूस टेबलापाशी असला की कापणारा मोकळ्या हाताने कापतो. प्लास्टिक सर्जन तिथे मुळात त्यासाठी आहे. अण्णांना देखणं करणं हा वरचा फायदा.

‘प्लास्टिक’ या शब्दाने आपला फार घात केलाय. नाकात प्लास्टिक बसवतात असं समजणारे शिकले-सवरलेले लोक मी पाहिलेत. तो शब्द ग्रीक, अर्थ आकार देणं, घडवणं. आणि जे ऑपरेशन तुमच्या भावाला चोचले वाटतंय, ते जगाला कळलं आपल्या पुण्यामुळे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान होता, इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या दोघा डॉक्टरांनी ते बघितलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत छापून आली. नाक घडवणाऱ्याचं नाव त्या हकिकतीत नाही. पण त्याची रीत आहे: मेणाचं नाक करायचं, ते चपटं करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी उचलायची आणि दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून खाली फिरवायची. वरून काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली कातडीची पट्टी कापायची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने हे वाचून १८१४ मध्ये तिथे तसंच ऑपरेशन केलं. त्याही आधी सुश्रुताने गालाच्या कातडीने नाक करायची पद्धत लिहून ठेवलेली आहेच.

आमच्या ओ.टी.त मेण नसायचं. टाक्याचा धागा ज्या चांदीसारख्या कागदात येतो तो सर्जन मागायचे, नाकावरच्या भोकावर दाबून ठसा घ्यायचे, कात्रीने कापायचे आणि कपाळावर उलटा ठेवून निळ्या पेनाने आखायचे. ती पाकिटं फेकायची नाहीत हे नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात सांगावं लागायचं.

तर तीन आठवडे कशाला, ते आता कळलं असेल. भुवईच्या आतल्या टोकापाशी वर येणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीवर ती फिरवलेली कातडी जगते. नाकाच्या जागेतून तिला नवं रक्त मिळायला लागलं की मधला पूल कापायचा. तोवर अण्णांच्या भुवईपासून नाकापर्यंत बोटाएवढा जाड मांसाचा पूल दिसणार. तो बघवत नाही, खोटं कशाला सांगू. पहिले दिवस त्यातून पाझरतं, ड्रेसिंग भिजतं, डोळ्यांखाली सूज येते. आमच्याकडे एक उसाचे बागायतदार होते. चौथ्या दिवशी आरसा मागितला, दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, “सिस्टर, गणपती झालो की.” पुढे वॉर्डातली पोरं त्यांना गणपतीबाप्पाच म्हणायची, आणि ते हात वर करून आशीर्वाद द्यायचे.

याचा अर्थ सर्जनने सांगितलेला हाच एक मार्ग असं नाही. भोक उथळ असेल आणि कूर्चा उघडी पडली नसेल तर कानामागची किंवा गळ्याच्या हाडाजवळची कातडी काढून ठिगळ लावता येतं. एकाच ऑपरेशनात सुटका होते. पण रंग थोडा वेगळा आणि जागा किंचित खोल राहते, आणि उघड्या कूर्चेवर ठिगळ धरत नाही. लहान भोकाला गालातली शेजारची कातडीही सरकवून घेतात. भूल सोसणारच नाही अशा माणसाला रेडिएशन देतात. त्यात चाकू नाही, पण काही आठवडे रोज केंद्रावर जावं लागतं, तुमच्या गावाहून हे कसं जमणार ते बघा. आणि मस पाडून देणारे, क्षार लावणारे यांच्या दारात पाऊलसुद्धा टाकू नका. वरचं जळतं, खपली पडते, सगळे खूश होतात, आणि खाली उंदीर आपलं काम चालू ठेवतो.

सर्जनला भेटाल तेव्हा खर्चाच्या आधी एक प्रश्न विचारा: “कपाळाची कातडी फिरवण्याआधी कडा मोकळ्या झाल्यात हे तुम्ही कसं बघणार?” ऑपरेशन चालू असतानाच कडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. ती सोय नसेल तर डाग काढून नुसतं ड्रेसिंग करून आठवडाभर पक्क्या रिपोर्टची वाट बघायची आणि मग नाक करायचं, हेही चालतं. एकेक थर काढत, दर थर तपासत जायची मोह्ज नावाची पद्धतही आहे, पण ती आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. कुठलीही पद्धत असो, या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे. ते ‘बघू नंतर’ म्हणाले तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. आपण कपाळाची ठेव एकदाच मोडतो, तिच्याखाली कॅन्सर झाकून ठेवायला नको.

अण्णा तंबाखू खातात का? पत्रात नाही, पण एसटीतले म्हणून विचारते. तंबाखू, मिश्री, विडी, काहीही असेल तर आजपासून बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, आणि ती कातडी एका बारीक नळीवर जगणार आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनला सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. शुगर तपासून घ्या. चष्मा लागत असेल तर घरीच विचार करून ठेवा, कारण नाकावर दांडी टेकवता येणार नाही. आम्ही कपाळाच्या कडेला चिकटपट्टी लावून चष्मा टांगायचो. पूल निळा-काळा पडला किंवा एकदम पांढराफटक झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच वेळी फोन करायचा. रक्त आलं तर स्वच्छ गॉझने दहा मिनिटं हलकं दाबून धरायचं. कपाळाचा वरचा भाग काही महिने बधिर राहतो, त्याने घाबरू नका. आणि अण्णांचे केस कपाळावर खालपर्यंत असतील तर नव्या नाकावर चार केस उगवतील. टक्कल असेल तर इथे त्याचा फायदाच आहे.

पैशांचं. मेडिक्लेम असेल तर टीपीएवाले, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे, ‘प्लास्टिक सर्जरी बसत नाही’ असं पहिल्या फोनवर म्हणू शकतात. पॉलिसी उघडा. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळल्याचं कलम सगळ्यांत असतं, पण त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला अपवाद दिलेला असतो. विमा नियामकाने ठरवून दिलेलंच वाक्य आहे ते. म्हणून अंदाजपत्रकावर नुसतं ‘प्लास्टिक सर्जरी’ असं न लिहिता ‘कॅन्सर काढल्यानंतर नाकाची पुनर्रचना, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असं सर्जनकडून लिहून घ्या आणि तुकड्याचा रिपोर्ट जोडा. विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट दाखवून हे ऑपरेशन कशात बसतं ते आधी विचारा. दाखल झाल्यावर विचारायला गेलात तर धावपळ होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मी मुद्दाम मागे ठेवला.

ताई, तुम्ही विचारता ‘न सांगता निभावता येईल का’. मला सांगा, चामखीळ काढायला कुणी कपाळाची कातडी फिरवतं का? तीन आठवडे तो पूल डोळ्यांसमोर घेऊन बसलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार? आणि संमतीपत्रावर सही अण्णांची लागते. न कळलेल्या गोष्टीवर त्यांची सही घ्यायची, हे तुम्हाला तरी पटतं का? अण्णांचं मन हळवं आहे, ते खचतील, असं तुम्ही लिहिलंय. ज्या माणसाने आयुष्यभर पन्नास-साठ जीव मागे बसवून घाट उतरवलाय, त्याचं मन हळवं आहे हे कुणी ठरवलं? मला वाटतं, खचायची भीती घरातल्या बाकीच्यांना आहे. आणि अण्णांना बहुधा संशय आलेलाच असणार. वॉर्डात असे कितीतरी लोक असायचे, नातेवाईक चहाला गेले की मला हळूच विचारायचे, “सिस्टर, कॅन्सरच आहे ना? पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून.” दोन्हीकडून नाटक चालायचं आणि मधल्या मधे कुणीच कुणाशी बोलायचं नाही.

संध्याकाळी, चारजण जमलेले नसताना, तुम्ही एकट्या बसा त्यांच्याजवळ. असं काहीसं म्हणा: “अण्णा, नाकावर आहे ती चामखीळ नाही. कॅन्सर आहे, पण कातडीचा. अंगात पसरणारा हा प्रकार नाही, पूर्ण काढता येतो. आम्ही घाबरलो म्हणून खोटं बोललो.” कॅन्सर हा शब्द आणि ‘पूर्ण काढता येतो’ हे एकाच दमात म्हणा, मध्ये रडायला थांबू नका. मग गप्प बसा. ते काय विचारतात ते बघा. सगळं समजल्यावर त्यांनी ‘मला पूल-बिल नको, ठिगळच लावा’ म्हटलं, तर तोही एक खरा पर्याय आहे आणि नाक त्यांचं आहे. भाऊ आणि तुम्ही ज्यावर भांडताय त्यात अण्णांचं मत अजून कुणी घेतलेलंच नाही.

लग्नाचं. हा प्रकार हळू वाढतो, त्यामुळे चार-सहा आठवडे इकडे-तिकडे झाल्याने आकाश कोसळत नाही. पण ‘लग्नानंतर’चं ‘पावसाळ्यानंतर’ होतं आणि त्याचं ‘दिवाळीनंतर’. चार वर्षं अशीच गेली ना? माझं मत विचाराल तर आत्ताच तारीख घ्या. वैशाखाला अजून बराच अवकाश आहे, दोन्ही टप्पे आधी उरकतील. थोडी सूज आणि लालसरपणा तेव्हाही असेल. नंतर पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी सर्जनला नाक आणि सगळी कातडी दाखवायची, आणि उन्हात टोपी नाहीतर छत्री.

अशाच पत्रांत दिसणारी एक गोष्ट इथेच सांगते, कारण सगळे त्वचेचे कॅन्सर अण्णांच्या कॅन्सरसारखे संथ नसतात. जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेवर उगवणारा प्रकार काखेतल्या, जांघेतल्या लसिका गाठींपर्यंत पसरू शकतो. कॅन्सरचे संशोधक डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या अशा कॅन्सरवर लिहिलं होतं. परकराची नाडी रोज एकाच जागी आवळणाऱ्या बायकांतही तो सापडलाय. कमरेवरचा काळा पट्टा चिघळला असेल तर नाडी सैल करा आणि दाखवा. तळपायावर किंवा नखाखाली पसरत जाणारा काळा डाग असेल तर त्याच आठवड्यात दाखवा, तिथे वाट बघायची सोय नसते. चेहऱ्यावरची कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही तर मलम बदलत बसू नका, तुकडा तपासा.

आणि ताई, लग्नात फोटो कसे येतील अशी भावाची काळजी असेल तर त्याला सांगा, फेटा आहे की. कपाळावरचा वण अर्धाअधिक त्यात झाकतो. फक्त फेटेवाल्याला आधीच सांगून ठेवा, अण्णांचा सैल बांध म्हणून.